बिब्बा कुणाच्या हातावर उततो?

जमत आलेल्या कामात कुणी मोडता घातला, की 'त्याने बिब्बा घातला' असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार ज्याने प्रथम केला, त्याला बिब्ब्याचा गुण नक्की ठाऊक असणार. बिब्बा अंगावर उततो. त्याचे काळे तेल कातडीला लागले की आग होते, फोड येतात, फोड फुटून पाणी वाहते आणि जखम भरली तरी काळा डाग राहतो. तरीही हा बिब्बा आपल्या घराघरांत आहे. टाचांच्या भेगांना तो लावतात. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात त्याच्या आतली गोडंबी घालतात. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीसोबत तो दुकानाच्या दारात आणि ट्रकच्या पुढे लटकवतात. ज्या समाजाला बिब्ब्याचे इतके उपयोग माहीत आहेत, त्याने एक प्रश्न मात्र विचारला नाही. हा बिब्बा फोडतो कोण? आणि तो उततो कुणाच्या हातावर?

हा प्रश्न मलाही कायद्याच्या पुस्तकात सापडला नाही. तो माझ्यासमोर आला २०१६ साली, आणि तो बिब्ब्याच्या नव्हे तर त्याच्या भाऊबंदाच्या, म्हणजे काजूच्या रूपाने आला. कोकणातील एका बौद्धवाडीतील एक ताई माझ्या कार्यालयात आल्या. काजूच्या कारखान्यात त्या चार वर्षे कटिंगचे काम करीत होत्या. कामावरून काढून टाकले म्हणून त्यांना दावा लावायचा होता. कागदांची पिशवी त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मी कागद मागितले, तेव्हा त्यांनी ते पुढे केले. बोटांची कातडी काळी पडून फाटली होती, मनगटापर्यंत चट्टे होते, नखांच्या कडा सुजल्या होत्या.

"साहेब, तुम्ही हात लावू नका. मीच एकेक कागद उलटून दाखवते," त्या म्हणाल्या.

हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. त्यांनी तसे म्हणण्याआधीच माझा पुढे गेलेला हात क्षणभर थांबला होता. ज्याच्या आजोबांच्या सावलीचाही विटाळ होत होता, जो विहारात बसून समतेवर भाषणे देतो, त्या माणसाचा हात थांबला. पुढे कळले की, घरात सासूने त्यांचे ताट-वाटी वेगळी केली होती. वाडीतल्या लग्नात त्यांना वाढायला उभे राहू दिले नव्हते. कुणी म्हणे महारोग आहे, कुणी म्हणे कुणीतरी करणी केली आहे. अस्पृश्यतेचे चटके पिढ्यान् पिढ्या सोसलेल्या वाडीत एका कष्टकरी बाईला पुन्हा अस्पृश्य केले गेले होते, आणि ते करणारी माणसे आपलीच होती.

म्हणून प्रथम वैद्यकशास्त्र काय म्हणते ते नीट समजून घेऊ.

बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातील झाडे आहेत. अमेरिकेत ज्या वेलीला 'पॉयझन आयव्ही' म्हणतात ती आणि जपानमध्ये ज्या झाडाच्या चिकापासून लाखकाम करतात ते झाडही याच कुळातले. या कुळाच्या चिकात किंवा तेलात फिनॉल जातीची, लांब साखळीची रसायने असतात. बिब्ब्यात भिलावनॉल असते. काजूच्या टरफलाच्या तेलात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असते. आंब्याचा चीक ओठाला लागून उततो हे कोकणातले लहान मूलही सांगेल. त्याचे कारण हेच आहे.

ही रसायने कातडीवर दोन प्रकारे काम करतात. पहिला प्रकार सरळ भाजण्याचा. तेल जास्त लागले तर ते कुणाच्याही कातडीला जाळते. दुसरा प्रकार अॅलर्जीचा, आणि तो अधिक फसवा आहे. या तेलाचे सूक्ष्म कण कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना शत्रू म्हणून ओळखून ठेवतात. एकदा ही ओळख पटली, की पुढे नुसत्या थेंबाने किंवा तेल लागलेल्या साडीच्या काठानेही एक-दोन दिवसांत अंग सुजून येते. ती ओळख बहुधा आयुष्यभर पुसली जात नाही. म्हणूनच आधी काही काळ सुखरूप काम केलेल्या बाईचे हात एके दिवशी अचानक फुटतात, आणि मालक म्हणतो, "इतके दिवस कसे काही झाले नाही?" त्याला उत्तर आहे: अॅलर्जी पहिल्या दिवशी होत नाही, ती कामाच्या सवयीतूनच तयार होते.

या रोगाला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात. या नावातला 'संपर्क' हा शब्द नीट वाचा. माणसाचा माणसाशी संपर्क असा त्याचा अर्थ नाही. कामगाराचा त्या पदार्थाशी येणारा संपर्क असा त्याचा अर्थ आहे. हा रोग स्पर्शाने होतो, पण रोग्याच्या स्पर्शाने दुसऱ्याला होत नाही. त्यात जंतू नसतो. तो महारोग नव्हे, खरूज नव्हे आणि करणी तर नव्हेच. आणि महारोगाचे म्हणाल, तर तोही आज औषधाने पूर्ण बरा होणारा रोग आहे. वाळीत टाकण्याचे कारण त्यातही नाही.

अॅलर्जी नेमकी कशाची आहे, हे ओळखण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. जोसेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ मध्ये ती मांडली. तिला पॅच टेस्ट म्हणतात. संशयित पदार्थ योग्य प्रमाणात सौम्य करून पाठीवर पट्टीखाली लावतात, दोन दिवसांनी पट्टी काढतात आणि त्यानंतरही एक-दोन दिवस जागा पाहतात. ज्या पदार्थाखाली लाल, उंचवटलेला, खाजरा चट्टा उमटतो, तो गुन्हेगार. इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ही चाचणी त्वचारोगतज्ज्ञानेच करायची असते. घरी बिब्बा चोळून पाहिला तर अॅलर्जी कळणार नाही, फक्त अंग भाजेल.

बिब्ब्याबाबत संशोधनाचा एक धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे धोबी कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याचे तेल वापरीत. ती खूण पाण्याने जात नाही. म्हणून तर इंग्रजीत याला खुणेचे फळ म्हणतात, आणि त्याच्या शास्त्रीय नावाचाही अर्थ तोच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक भारतात आले. त्यांचे कपडे इथल्या धोब्यांकडे धुवायला जाऊ लागले आणि खूण जिथे अंगाला लागे, तिथे, विशेषतः मानेवर, सैनिकांना चट्टे उठू लागले. १९४३ मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी त्यावर निबंध लिहिला आणि 'धोबी मार्क डर्मटायटिस' हे नाव वैद्यकशास्त्रात कायमचे बसले. रोगाच्या नावात धोबी आला. पण संशोधनाचा विषय होती सैनिकाची मान. ज्या बोटांनी रोज ते तेल कापडावर टेकवले, त्या बोटांनी कुणाला निबंध लिहायला लावला नाही. ज्याच्या दुखण्याला सत्तेजवळ किंमत असते, त्याचेच दुखणे आधी शास्त्रात जाते. डॉक्टरांचे शास्त्र खोटे होते असे मी म्हणत नाही. ते खरेच होते. ते अर्धेच राहिले.

आता औषधाकडे वळू. बिब्ब्याला आयुर्वेदात भल्लातक म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात भल्लातकाची रसायने सांगितली आहेत आणि तो अग्नीसारखा तीक्ष्ण असल्याचेही तिथेच बजावले आहे. म्हणूनच औषधात घालण्यापूर्वी विटेच्या पुडीत घोळवून त्याचे तेल काढण्याची, म्हणजे शोधनाची पद्धत आहे. आधुनिक प्रयोगशाळांतही बिब्ब्याच्या अर्कांवर संधिवात, सूज, कर्करोग यांच्या संदर्भात प्रयोग झाले आहेत. त्यांतले बरेचसे काम प्राण्यांवर आणि पेशींवर झालेले आहे. वनस्पतीपासून औषध निघते याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. मलेरियावरचे क्विनीन झाडाच्या सालीतूनच आले. माझा आक्षेप 'झाडपाल्याचे आहे, म्हणजे निरुपद्रवी आहे' या समजुतीला आहे.

कायद्यालाही ती समजूत मान्य नाही. १९४५ च्या औषध नियमांच्या ई-१ या परिशिष्टात आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे. त्यात अफू, धोतरा, गुंज, बचनाग यांच्यासोबत भल्लातकाचेही नाव आहे. असे द्रव्य असलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या बाटलीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असा इशारा छापणे बंधनकारक आहे. म्हणजे शोधन झालेल्या बिब्ब्याचा अंश ज्याच्या पोटात जाणार, त्या ग्राहकाला कायदा सावध करतो. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांत जी बाई दगडावर ठेवून कच्चा बिब्बा फोडते, हाताला तेल किंवा राख चोळून गोडंबी बाहेर काढते, तिच्या पुढ्यातल्या पोत्यावर कसलाही इशारा नसतो. विष तेच आहे, उलट तिच्या हातावर ते अधिक तीव्र आहे. बाटलीला लेबल मिळाले. हाताला काय मिळाले?

आणि हा हात कुणाचा, याचे उत्तर आकस्मिक नसते. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या इतिहासकार अॅना लिंडबर्ग यांनी केरळमधील काजू कामगार स्त्रियांच्या १९३० ते २००० या काळातील इतिहासावर २००१ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात दिसते ते असे: टरफल फोडण्याचे, म्हणजे तेलात हात घालण्याचे काम प्रामुख्याने पुलया, कुरवा अशा दलित जातींच्या स्त्रियांकडे होते. साल सोलण्याच्या आणि प्रतवारी लावण्याच्या तुलनेने स्वच्छ कामात वरच्या जातींच्या स्त्रिया अधिक होत्या. एकाच कारखान्याच्या आवारात, एकाच काजूवर जातीने काम वाटून दिले होते. काजू ब्राझीलमधून पोर्तुगिजांनी आणला. म्हणजे काजू फोडणे हा कुठल्याही स्मृतीत सांगितलेला जातीचा धंदा नव्हे. तरीही नव्या धंद्यात जुनी वाटणी शिरली. आपल्या कोकणात आणि गोव्यात कटिंगला कोण बसते आणि प्रतवारीला कोण, याची पाहणी करायला मोठ्या निधीची गरज नाही. वही-पेन घेतलेले दोन कार्यकर्ते पुरेत.

आता त्या ताईंच्या दाव्याचे काय झाले ते सांगतो, कारण त्यातच खरा धडा आहे.

त्या वेळी १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टाच्या 'ब' भागात भौतिक, रासायनिक किंवा जैविक कारणांनी होणारे त्वचारोग हे व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले होते. त्या मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झाली असेल आणि त्या कामात तो रोग झाला असेल, तर तो कामातील अपघातच समजायचा, असा नियम होता. कायदा आमच्या बाजूने होता. तरी आम्ही हरल्यात जमा झालो. का?

एक, हजेरीपटात सलग सहा महिने कुठेच नव्हते. हंगाम संपला की नाव काढायचे आणि पुन्हा नव्याने घालायचे, ही कारखान्याची रीत. दोन, मालकाच्या वकिलांनी विचारले, "हे भांडी घासायच्या पावडरीने कशावरून झाले नाही?" तीन, आमच्याकडे त्याचे उत्तर देणारा कागद नव्हता. तीन वर्षांचे सात केसपेपर होते. त्यांवर 'एक्झिमा' लिहिले होते, 'अॅलर्जी' लिहिले होते, मलमांची नावे लिहिली होती. बाई काय काम करते, हे एकाही कागदावर लिहिलेले नव्हते. कुणी विचारले नव्हते, आणि ताईंना ते सांगायचे असते हे कुणी शिकवले नव्हते. अखेर एका हंगामाच्या मजुरीइतकी रक्कम घेऊन आम्ही तडजोड केली. दावा लावण्याआधी पॅच टेस्ट करून घेण्याचे मला सुचले नाही, ही माझी चूक. ती मी कुणावर ढकलणार नाही.

आज तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि कारखाना कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या. व्यवसायजन्य रोगांची परिशिष्टे त्यांतही आहेत. नुकसानभरपाईची जबाबदारी सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ७४ मध्ये आली आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम १२ प्रमाणे परिशिष्टातील रोग झाल्याचे आढळले तर मालकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही ते सरकारला कळवायचे आहे. त्या यादीत रसायने आणि रंग यांच्या थेट संपर्काने होणारा त्वचादाह आहे. उद्या कुणी म्हणेल, काजूचे तेल नैसर्गिक आहे, ते रसायन कुठे? त्याला आपले उत्तर तयार हवे: कार्डोल हे रसायनच आहे, आणि याच तेलापासून गाड्यांच्या ब्रेकचे अस्तर, रंग आणि रेझिन बनवणारे कारखाने ते रसायन म्हणूनच विकत घेतात. विकताना रसायन आणि भरपाई देताना झाडपाला, असे चालणार नाही.

बिब्बा फोडणाऱ्या बाईची अडचण याहून मोठी आहे. तिला मालकच नाही. व्यापारी पोते टाकून जातो आणि किलोच्या भावाने गोडंबी घेऊन जातो. दावा कुणावर लावायचा? डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. आजारी पडलेल्या कामगाराने मालकाच्या दारात भीक मागू नये, हा त्यामागचा विचार होता. तो विचार घराच्या ओट्यावर बसून काम करणाऱ्या बाईपर्यंत पोचलेला नाही. घरबसल्या काम करणारी कामगार म्हणून तिची व्याख्या नव्या संहितेत आहे. तिच्या हाताच्या उपचाराची हमीही तिथे हवी.

'हे धंदेच असे, त्याला काय करणार?' असे म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. सिमेंटमध्ये क्रोमियमचा जो विषारी प्रकार असतो, त्याने गवंड्यांचे हात फुटतात. संशोधकांनी हे १९५० मध्ये दाखवून दिले. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सिमेंटमध्येच फेरस सल्फेट मिसळायला लावले. त्याने त्या क्रोमियमचा विषारीपणा मोडतो. तिथल्या बांधकाम कामगारांतील हा रोग घटला. पुढे युरोपीय संघाने २००३ मध्ये निर्देश काढून ओल्या सिमेंटमधील या क्रोमियमची मर्यादा दहा लाखांत दोन भाग अशी ठरवली आणि जानेवारी २००५ पासून ती लागू केली. कामगाराला 'जपून काम कर' असा उपदेश त्यांनी केला नाही. त्यांनी सिमेंट बदलायला लावले. काजूत आणि बिब्ब्यातही हेच करता येईल. तेलाला हात लागणार नाही असे यंत्र, काम मंदावले तरी मजुरी कापली जाणार नाही असा दर, आणि रोज बदलून मिळणारे चांगले हातमोजे. नगावर किंवा किलोवर मजुरी असली की बाई स्वतःच हातमोजे काढून ठेवते. तो तिचा निष्काळजीपणा नाही. ते मजुरीच्या दराचे गणित आहे.

आता कार्यकर्त्यांसाठी. दवाखान्यात आपला माणूस गेला, की केसपेपरवर त्याचे काम लिहून घ्या. 'मजूर' एवढे पुरेसे नाही. 'काजू कटिंग, चार वर्षे' असे हवे. सुट्टीत हात बरे होतात आणि कामावर गेल्यावर पुन्हा फुटतात का, हे डॉक्टरांना सांगा आणि तेही लिहून घ्या. तो कामाशी संबंध असल्याचा मोठा पुरावा असतो. हातांचे फोटो तारखेसह ठेवा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात पॅच टेस्टची मागणी करा. मजुरीची चिठ्ठी, हजेरीचा कागद, बँकेची नोंद, जे असेल ते जपा. आणि विहारात, वाडीच्या बैठकीत, महिला मंडळात एवढे एक वाक्य सांगा की, हा रोग लागण होणारा नाही.

त्या ताईंची पॅच टेस्ट अखेर झाली, पण दावा मिटल्यानंतर. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाठीवरची पट्टीची जागा मोबाइलवर फोटो काढून त्यांना दाखवली. काजूच्या तेलाखाली लाल चट्टा होता, भांड्यांच्या पावडरीखाली काहीच नव्हते. त्या बराच वेळ तो फोटो पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे माझ्या अंगातलं नव्हतं. कामातलं होतं."

तो फोटो त्यांनी घरी नेऊन सासूला दाखवला. न्यायालयात जो पुरावा मी वेळेवर देऊ शकलो नाही, तो त्यांनी आपल्या चुलीपुढे दिला. त्या रात्रीपासून घरात त्यांचे ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांत मांडले जाऊ लागले.